पत्र्याच्या बैलाला सुतक नसतं

मामा, परवा पोळ्याला तुमच्या बैलाला मी पुरणपोळी भरवली. भरवली म्हणजे काय, त्या लाकडी तोंडाला टेकवली. मी हळदीकुंकवाच्या ताटाकडे वळले तेवढ्यात तुमच्या दारच्या शेळीने ती उचलली आणि पार गोठ्यामागे नेली. सगळा तांडा हसला. मीही हसले आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला, कारण तुम्ही असतात तर शेळीचीच बाजू घेतली असती.

तुम्हाला जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. बोलेन की! पण आधी आपलं भांडण पुरं करू द्या. दहा वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो. आणि जिच्यावर तुम्ही खरोखर भांडायला हवं होतं, तिच्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मीही काढला नाही. तो आज काढते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण कागद समोर घेतला की माझ्यातली मास्तरीण जागी होते आणि पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तेव्हा ऐका.

मी हिंगोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले तेव्हा आपला जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळे कागद परभणीहून यायचे. मी औंढ्याची, देवळाच्या सेवेतल्या घरातली. आरतीची वेळ वडिलांनी एका मिनिटाने चुकवलेली मी कधी पाहिली नाही. तोच काटेकोरपणा आणि नाकावरचा राग घेऊन मी प्रयोगशाळेत शिरले. तुम्ही तिथले मामा. फुलसिंग हे नाव फक्त हजेरीपटावर, एरवी प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचे मामा. पहिल्याच आठवड्यात मी नादकाटे तपासायला काढले. ते पोलादी दुहेरी काटे, रबरावर आपटले की ठरलेला सूर देणारे, सेकंदाला किती कंपनं तो आकडा अंगावर कोरलेले. तुम्ही फडक्याने पुसता पुसता एक आपटला, कानाशी धरला आणि बाजूला ठेवला.

"बाई, हा पाचशेबाराचा न्हाई."

"अहो, त्यावर कोरलंय."

"कोरलंय व्हय. पण कुणीतरी घासलाय. सूर वर गेला."

मी मोजून पाहिलं. पाचशेवीस भरला. होळीला तांड्यात डफ वाजवणाऱ्या माणसाचा कान! माझा चेहरा पाहून तुम्ही विचारलंत, "बराबर?" आणि मी म्हणाले, "जवळपास." अचूक मोजमाप जगात नसतं, असं मला शिकवलेलं. तुम्ही मान हलवलीत. त्या दिवसापासून तुमचं 'बराबर?' आणि माझं 'जवळपास' सुरू झालं.

मग ते टेंगूळ. पुसेगावकडच्या शिवारात माघात शंकरपट भरायचा. छकड्याला जोडी जुंपायची, एकेक जोडी सोडायची आणि घड्याळावर वेळ घ्यायची. त्या साली एकाच्या घड्याळात एक जोडी पुढे आली, दुसऱ्याच्या घड्याळात दुसरी, आणि मग घड्याळं राहिली बाजूला. सोमवारी तुम्ही कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन कामावर आलात.

"कुणी मारलं?"

"कुणी न्हाई जी, मी मधी पडलो. बाई, तुमच्याकडं असं काही न्हाई का, बैल किती जोरात पळतो ते बराबर सांगंल?"

"आहे," मी म्हणाले. माझं वय तेव्हा 'आहे' म्हणायचंच होतं.

कपाटात मायक्रोवेव्हचा संच धूळ खात पडला होता. त्यातला कर्णा घेतला, जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर आणि लाल आकड्यांची पाटी जोडली, आणि रडार झालं. तुम्हाला मी समजावलं की कर्ण्यातून लहरी सोडायच्या, पळणाऱ्या वस्तूवर आपटून त्या परत येतात तेव्हा किंचित बदललेल्या असतात, आणि तो बदल स्पीकरवर सूर होऊन ऐकू येतो. वस्तू जितकी जोरात, सूर तितका उंच. उभ्या वस्तूला सूरच नाही.

"म्हंजी उभ्या माणसाम्होरं मुकी, अन् पळत्याम्होरं गाती," तुम्ही म्हणालात. मामा, पुढे मी जितक्या वर्गांना हे शिकवलं तितक्यांना तुमच्याच शब्दांत शिकवलं.

आता हे रडार खरं बोलतं की नाही, ते तपासायचं कसं? प्रयोगशाळेत काही पळत नव्हतं. त्यावर शास्त्राची सोपी युक्ती आहे. नादकाटा आपटून कर्ण्यासमोर धरायचा. त्याचे पाय थरथरतात आणि रडारला वाटतं, काहीतरी पळत येतंय. आपल्या पाचशेबाराच्या धड काट्याचा वेग हिशेबाने ताशी साडेसत्तावीस किलोमीटर निघत होता. पाटीवर आकडा आला अठ्ठावीस. मी टाळी वाजवली. तुमच्या कपाळावर आठी.

"बाई, काटा तर जागचा हालंना."

"थरथरतोय ना?"

"थरथरणं म्हंजी पळणं न्हाई."

"यंत्राला तो फरक कळत नाही, मामा. म्हणून तर काटा चालतो."

"अन् ज्या मशीनला फरक कळत न्हाई, ती घेऊन तुमी पटात जाणार? एक डाव माझा गोऱ्हा आणतो मैदानात. पळवून बघा."

"मामा, हे कॉलेज आहे, बाजार नाही!"

किती ताठ्याने म्हणाले होते मी ते. तुम्ही फडकं खांद्यावर टाकलंत आणि वायर गुंडाळायला लागलात. आपलं भांडण तिथे सुरू झालं. काटा की बैल? मी काट्याची, तुम्ही बैलाचे.

दुसऱ्या साली पटाला आपण गेलो. तुम्ही तांड्याच्या नाईकांना शब्द देऊन ठेवला होता की आमच्या बाईची मशीन बराबर सांगंल. धावेच्या शेवटी ट्रॉली उभी केली, ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडल्या, कर्णा येणाऱ्या जोडीकडे रोखला. माणसं झाडांवर चढलेली. पहिली जोडी सुटली आणि पाटीवर आकडे आले एकसष्ट, एकोणीस, अठ्ठावन्न, पुन्हा एकसष्ट. दुसरी जोडी, तोच तमाशा. कुणीतरी ओरडलं, "बाई, बैल हाय का मोटारगाडी?" दुसरा म्हणाला, "एसटी सोडा, आता बैलावर बसून नांदेडला जाऊ!" हसण्याचा असा लोट आला की माझे कान तापले. नाईक ट्रॉलीपाशी आले आणि सभ्यपणे म्हणाले, "काय झालं बाई?"

आणि मी म्हणाले, "मामांनी वायर सैल जोडली."

मामा, वायर सैल नव्हती. मी स्वतः ओढून पाहिली होती. तुमच्या भावकीसमोर, नाईकांसमोर, तुम्ही ज्यांना शब्द दिला होता त्या सगळ्यांसमोर मी ते बोलले. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग पागोटं नीट केलंत आणि म्हणालात, "व्हय जी, माझ्याकूनच ऱ्हायलं."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मग तुम्ही पुढच्या सीटच्या दांड्यावर बोटं वाजवायला लागलात.

"बाई, तुमी आकडे पाहून राहिल्या व्हत्या. मी ऐकून राहिलो व्हतो. खाली एक सूर सरळ येत व्हता, एकसारखा. ते बैलाचं अंग. त्याच्यावर ही खडखड, ते पाय. मशीन पाय मोजून राहिली."

घरी येऊन कागदावर मांडलं. पळताना बैल पाऊल पुढे फेकतो तेव्हा ते पाऊल अंगाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जातं, आणि टेकलं की थांबतं. काट्याला एकच सूर. बैलाला अंग, आठ पाय जोडीचे आणि वर छकड्याची चाकं. तुमचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला आले, तर तुम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या ओसरीत मोडक्या बाकाचे पाय कापत बसलेले.

"हे काय चाललंय?"

"गोऱ्हा आणू देईनात, मंग घरीच करून राहिलो."

ते तीन महिने मला आयुष्यभर पुरतील. पिठाच्या गिरणीचा टाकाऊ पट्टा तुम्ही दोन लाकडी रुळांवर चढवलात आणि त्यावर पत्र्याचे तुकडे ठोकलेत. सायकलची पायडल मारली की पट्टा कर्ण्याकडे एकसारखा धावायचा. ते बैलाचं अंग. बाजूला डब्याच्या पत्र्याचे चार पाय, दांडीला अडकवलेले, पुढेमागे झुलणारे. जागचा न हलता पळणारा बैल! चाकाला खडूची खूण, म्हणजे फेरे मोजून खरा वेग काढता यावा. तुम्ही पायडल मारायचात, मी फेरे मोजायचे, मग आकडा बघायचा. "पाय काढा!" की आकडा नीट. "पाय जोडा!" की पुन्हा एकसष्ट. खडखडाट गाळून खालचा सरळ सूर तेवढा धरील असा भाग मी कितीदा जोडला आणि कितीदा उपटला. तुम्ही घामाघूम, मी भाजलेल्या बोटांवर फुंकर घालतेय, आणि डब्यातली तुमची ज्वारीची भाकरी आणि ठेचा दोघांत अर्धा अर्धा.

एके दिवशी बघते तर बैलाला लाकडी तोंड आलेलं, रंगवलेली शिंगं, कपाळाला गोंडा.

"मामा, रडारला तोंडाची काही गरज नाही."

"रडारला नसंल. बैलाला हाय. मुंडक्याबिगर बैल बरा दिसतो का?"

आणि नेमकी त्याच आठवड्यात तपासणीची समिती आली. पाहुण्यांना प्राचार्य घाईघाईने पुढे नेत होते, पण एक चष्मेवाले साहेब ओसरीत थबकलेच.

"हे काय आहे?"

"बैल, साहेब," तुम्ही उभे राहून म्हणालात.

"कशासाठी?"

"बाईच्या मशीनला बैल कळंना. शिकवून राहिलो."

प्राचार्यांचा चेहरा! मी पदराआड हसू दाबत होते. पण साहेब खाली बसले, पायडलला हात लावून म्हणाले, "मारा बरं." तुम्ही मारलीत. पट्टा धावला, पाय खडखडले, आणि स्पीकरमधून तो सूर निघाला, खालचा, सरळ. पाटीवर बत्तीस. खडूच्या फेऱ्यांनी एकतीसच्या थोडं वर. खडखडाट चालू असताना आकडा जागेवर उभा राहिला, पहिल्यांदाच. तुम्ही हँडल सोडून माझ्याकडे पाहिलंत.

"बराबर?"

"जवळपास," मी म्हणाले. आणि इतका आनंद झाला होता मामा, की वाटलं त्या पत्र्याच्या बैलाच्या गळ्यात पडावं.

त्या माघात आपण पुन्हा पटाला गेलो. दोन जोड्यांचं पुन्हा जुळलं, घड्याळं पुन्हा भांडायला लागली, आणि रडारने एकीला सदतीस दिले, दुसरीला एकोणचाळीस. ज्यांची जोडी हरली त्यांनीच आधी मान डोलावली, कारण तुम्ही स्पीकर मोठा केला होता. दुसऱ्या जोडीचा सूर वर होता आणि तो झाडावरच्या माणसालाही ऐकू येत होता. मग काय, जत्राच! प्रत्येकाला मोजून घ्यायचं होतं. सायकलवाला आला, पैलवान धोतर खोचून धावला, नाईक स्वतः धावले आणि नऊ आले तरी खूश झाले. कुणीतरी तुम्हाला हाक मारली, "काय फुलसिंग, औंदा वायर बराबर जोडली ना?" आणि तुम्ही हसून म्हणालात, "व्हय, औंदा ध्यान देऊन जोडली."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंडात जिलेबी होती. नाईक समोर होते, सगळे होते. 'वायर गेल्या वर्षीही बरोबर होती' एवढंच म्हणायचं होतं. मी जिलेबी गिळली आणि पुढच्या माणसाला मोजायला बोलावलं.

नंतर वर्षं गेली. जिल्हा वेगळा झाला, प्रयोगशाळेला नवं कपाट आलं, तुम्ही निवृत्त झालात. निरोप समारंभात शाल घेतलीत आणि मागितलंत काय, तर तो बैल. बैलगाडीत घालून नेलात. बैलांनी ओढलेल्या गाडीत बैल! त्यानंतर दर पोळ्याला तुमचा निरोप यायचा, "बाई, बैल वाट पाहून राहिला." मी एकदाच आले. बाकी वेळा पेपर होते, परीक्षा होत्या. खरं सांगू? नाईकांच्या समोर यायला तोंड नव्हतं. तुमच्या पडवीत बसलं की ती ट्रॉली आठवायची.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा आले. सलाइन लावलेल्या हाताने तुम्ही मला बसायची खूण केलीत आणि पहिला प्रश्न काय विचारलात! "मंग बाई, काटा का बैल?"

"दोन्ही, मामा. काटा सुरुवातीला, बैल शेवटी."

"तकलीफ हाय तुमाला माझं ऐकायची," तुम्ही म्हणालात आणि इतके हसलात की नर्स रागावली. मी सांगणारच होते. ओठावर आलं होतं. पण तुम्ही हसत होतात, मग वाटलं पुढच्या वेळी. मी मूर्ख आहे मामा. पुढची वेळ असतेच असं मी धरून चालले, आणि वर मी मोजमाप शिकवते.

म्हणून परवा कॉलेजच्या कपाटातून जुना कर्णा आणि लाल पाटी काढली, पिशवीत घातली आणि एसटीने तांड्यावर आले. वाटलं होतं, घरात दुःख आहे, पोळा नसेलच. खरे बैल न्हाऊन उभे होते, पण तुमच्या घरच्या बैलांची शिंगं कोरीच होती. आणि अंगणात मधोमध तुमचा पत्र्याचा बैल! झूल, बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, नवा गोंडा. मी तुमच्या सुनेकडे पाहिलं. सुनीता पदर सावरत म्हणाली, "मामंजी सांगून ठेवून गेले बाई. म्हणले, घरच्या बैलाला सुतक पाळा, पत्र्याच्या बैलाला सुतक नसतं. त्याचा पोळा चुकवायचा न्हाई."

पुरणपोळी झाली, शेळी झाली, हसणं झालं. मग मी उभी राहिले. नाईक बाजेवर होते, आता काठी लागते त्यांना.

"मला सगळ्यांसमोर एक सांगायचंय," मी म्हणाले. "पटात पहिल्या वर्षी मशीन चुकली, तेव्हा मी म्हणाले होते, मामांनी वायर सैल जोडली. वायर सैल नव्हती. चूक माझी होती. मामांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

घुंगुरमाळ वाऱ्याने वाजली. मग नाईक खोकले.

"बाई, ते आमाला त्याच सांजच्याला ठावं झालं व्हतं. मी फुलसिंगला इचारलं, काहून रं, तू तर कधी गाठ सैल मारत न्हाईस. तो म्हणला, नाईक, बाई लेकरू हाय अजून. आज ती लोकायचं हासू घेऊन घरला गेली तर मशीन पुन्हा काढायची न्हाई. माझ्यावर घेतलं तर काढंल. मला ती मशीन पाहिजे."

मामा, मी तुमच्या अंगणात उभ्या उभ्या रडले. लाज वाटली, फार वाटली, पण तिच्यापेक्षा काहीतरी मोठं वाटत होतं. कुणीतरी माझ्यावर इतका भरवसा टाकला होता आणि मला पत्ता नव्हता. नंतरचे ते तीन महिने, तो बैल, ते साहेब, नाईकांचे नऊ, माझ्या वर्गातून पुढे गेलेली पोरं, सगळं त्या एका 'माझ्याकूनच ऱ्हायलं' वर उभं होतं. मी समजत होते, तुम्ही माझा मान ठेवलात. तुम्ही तर मला पुढच्या पटाला यायला लावत होतात.

"आता रडू नगा," सुनीता म्हणाली. "पिशवीत मशीन हाय ना? मंग लावा. मी मारते पायडल."

ट्रॅक्टर अंगणातच होता. बॅटरीला तारा मी स्वतः जोडल्या, दोनदा ओढून पाहिल्या. कर्णा रोखला. सुनीताने पदर खोचला आणि पायडल मारली. पट्टा गरगरला, पत्र्याचे पाय खडखडले, घुंगरं वाजली, आणि त्या सगळ्या गोंधळाच्या खाली तो सूर आला, सरळ, एकसारखा. सगळा तांडा ऐकत होता. खऱ्या बैलांनीही कान टवकारले. मी आकड्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ऐकत होते, तुम्ही ऐकायचात तसं.

"बाई," सुनीता धापा टाकत ओरडली, "किती आलं?"

मी डोळे उघडले. पाटीवर तीस होते. खडूच्या खुणेने मी फेरे मोजले, हिशेब साडेएकोणतीस निघत होता. जिभेवर तो जुना शब्द आलाच होता, सवयीने. तो मी गिळला.

"बराबर," मी म्हणाले. "मामा, बराबर."